समोरच्या वकिलाला कळलं, मी सातवं पान किती वेळ वाचलं

पेशीवाला (इंदूर)

मंडळी, एकवीस वर्षं इंदूरला वकिली करतोय. दिवाणी कामं जास्त: वाटण्या, घरभाडं, भागीदारीची भांडणं. कागदाशी माझं नातं जुनं आहे, पण परवा कागदानेच मला उघडं पाडलं.

एका भागीदारीच्या दाव्यात राजीनाम्याची बोलणी चालू होती. समोरच्या पार्टीच्या वकिलांनी मसुदा मेलवर पाठवला. जोडलेली फाइल नाही, नुसती एक लिंक. 'मसुदा येथे पाहावा.' रात्री जेवण झाल्यावर मी मोबाइलवर उघडला. पक्षकाराचा मुलगा पुण्याला असतो, पैशाचा निर्णय त्याचाच, म्हणून तीच लिंक त्यालाही पाठवली.

दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये चहा घेत असताना ते वकील शेजारी येऊन बसले. हसत म्हणाले, "काय वकीलसाहेब, रात्री पावणेबाराला सातव्या पानावर चौदा मिनिटं? आणि पुण्याच्या चिरंजीवांनीही दोनदा बघितलं. मग करायचा ना राजीनामा?"

सातव्या पानावर रकमेचं कलम होतं.

माझा चहा तसाच राहिला. मी काय लिहिलं, काय बोललो, हे त्यांना कळलं असतं तर समजू शकतो. पण मी कुठे अडकलो, कधी अडकलो आणि कुणाला विचारलं, हेही त्यांच्याकडे घड्याळ लावून आलं.

प्रश्न दोन. हे असं करणं बरोबर आहे का? आणि उद्यापासून मीही करावं का?

एक कबुलीही देऊन टाकतो. समोरून वर्डची फाइल आली की मी आधी मजकूर वाचत नाही. फाइलच्या माहितीत जाऊन कुणी बनवली, शेवटी कुणी हात लावला, किती मिनिटं काम केलं, ते बघतो. त्यामुळे मला ओरडायचा किती हक्क आहे, तेही सांगा.

पुणेरी_चष्मा

राजीनामा कुणी दिला? तुम्ही की पक्षकाराने? काही कळलं नाही.

जलेबीभक्त (इंदूर)

@पुणेरी_चष्मा, आमच्याकडे कोर्टात राजीनामा म्हणजे तडजोड. नोकरी सोडायला आम्ही इस्तीफा देतो. भिया, मध्य प्रदेशात आलात, आता शब्दकोश बदला.

पेशीवाला, पोहे खाता खाता वाचलं, शेव घशात अडकली. आता हा धागा मी किती वेळ वाचला तेही कुणाला तरी कळत असेल.

नेटकर_विजयनगर (इंदूर)

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, थोडं समजावून सांगतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेलमध्ये एक ठिपक्याएवढं अदृश्य चित्र ठेवतात. प्रत्येकाला पाठवलेल्या चित्राचा पत्ता वेगळा. तुम्ही मेल उघडलं की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि तिथे नोंद होते: अमुक मेल, अमुक वेळ, अमुक उपकरण. हा खेळ जुना आहे, पण आता थोडा बोथट झालाय. २०१३ च्या डिसेंबरपासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतं, त्यामुळे तुमचं गाव कळत नाही. अ‍ॅपलने २०२१ मध्ये त्यांच्या मेल अ‍ॅपमध्ये चित्रं आधीच उतरवून घ्यायची सोय दिली, म्हणजे 'उघडलं' ही नोंदच बिनकामाची झाली.

पण तुमच्याकडे आली ती लिंक. लिंक ब्राउझरमध्ये उघडते, तिथे जीमेल मध्ये पडत नाही. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे नेटजोडणीचा नंबर, थेट जातो, त्यावरून शहराचा अंदाज येतो. आणि मसुदा एकेक पान करून दाखवणारी जी सेवा असते, ती कोणतं पान पडद्यावर किती सेकंद होतं ते मोजते. विक्रीवाले लोक हे रोज वापरतात: गिऱ्हाईक दरपत्रकाच्या कोणत्या पानावर रेंगाळलं ते बघून फोन करतात. तुमच्या वकीलसाहेबांनी तेच हत्यार कोर्टात आणलं.

एक लक्षात घ्या, यंत्र पडदा मोजतं. डोळे मोजत नाही.

छापखाना_मालक (इंदूर)

कागदावर छापून घेतलं म्हणजे सुटलो असं समजू नका. माझं डिजिटल प्रिंटिंगचं काम आहे. बऱ्याचशा रंगीत लेझर प्रिंटरमधून निघणाऱ्या प्रत्येक पानावर फिकट पिवळे ठिपके असतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. पांढऱ्यावर पिवळं, म्हणून डोळ्याला दिसत नाहीत. निळा एलईडी टॉर्च मारा आणि घड्याळजीचं भिंग लावा, ठिपके काळे दिसू लागतात.

झेरॉक्स आणि कॅनन यांनी ऐंशीच्या दशकात हे आणलं, नकली नोटा छापणाऱ्याचं मशीन सापडावं म्हणून. गिऱ्हाइकांना कुणी सांगितलं नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या लोकांनी झेरॉक्सच्या डॉक्यूकलर मशीनच्या ठिपक्यांच्या जाळीचं कोडं सोडवलं: आडवे पंधरा, उभे आठ ठिपके, आणि त्यात छपाईची तारीख, वेळ आणि मशीनचा नंबर. तीच जाळी सबंध पानभर पुन्हा पुन्हा. कोपरा फाडून उपयोग नाही.

एका मुलाने माझ्याकडे येऊन विचारलं होतं, "अंकल, रंगीत मार्कशीट निघेल का, ओरिजिनलसारखी?" त्याला मी भिंगातून माझंच एक पान दाखवलं. पुन्हा दिसला नाही.

मास्तरीणबाई (देवास)

बाप रे. लग्नाच्या पत्रिकांवरही असतात का हे ठिपके?

छापखाना_मालक (इंदूर)

लेझरवर काढल्या तर असू शकतात, ताई. ऑफसेटवर नाही. साध्या काळ्या-पांढऱ्या लेझरलाही नाहीत, पिवळी शाई असायला तर हवी.

नेटकर_विजयनगर (इंदूर)

२०१७ मध्ये अमेरिकेत रिअ‍ॅलिटी विनर नावाची मुलगी याच ठिपक्यांमुळे पकडली गेली ना? गुप्त अहवाल वृत्तस्थळाला दिला होता तिने.

अभिलेखपाल (ग्वाल्हेर)

असं सगळीकडे सांगतात, पण तपासयंत्रणेने कोर्टात दिलेल्या कागदात ठिपक्यांचा उल्लेख नाही. वृत्तस्थळाने खात्री करायला कागदाची प्रत सरकारकडेच दाखवली. त्यावर घडीची खूण होती, म्हणजे कुणीतरी छापून बाहेर नेलाय. मग तो अहवाल कुणी कुणी छापला याची नोंद काढली. सहा जण निघाले, आणि त्यांतल्या एकीच्याच ऑफिसच्या संगणकावरून त्या वृत्तस्थळाला मेल गेला होता. ठिपके नंतर बाहेरच्या लोकांनी प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर वाचले, तारीख ९ मे २०१७. होते खरे, पण पकडलं ऑफिसच्या नोंदवहीने. कारकुनी कामाला कमी लेखू नका. (मी निवृत्त कारकून.)

जलेबीभक्त (इंदूर)

कारकून काकांना +१

ग्वाल्हेरची_वकीलीण (ग्वाल्हेर)

पेशीवाला दादा, आधी तुम्हालाच दटावते. चालू दाव्याची बोलणी अशी चारचौघांत? पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं झाकून ठेवणं आपल्यावर बंधनकारक आहे. पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम १२६, आता साक्ष्य अधिनियमाचं १३२.

आता तुमच्या प्रश्नाकडे. बार कौन्सिलच्या नियमांत मेटाडेटा (फाइलबद्दलची लपलेली माहिती) हा शब्द कुठेही नाही. ते नियम लिहिले तेव्हा टाइपरायटर आणि कार्बन होता. पण परदेशी बारमध्ये यावर भांडणं झाली आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या बारने २००१ मध्येच मत दिलं की समोरच्या वकिलाच्या फाइलमधली लपलेली माहिती गुपचूप खणू नये आणि मेलमध्ये माग काढणारं चित्रही ठेवू नये. अमेरिकन बार असोसिएशनने २००६ मध्ये जवळजवळ उलट सांगितलं: फाइलमध्ये जे आलंय ते बघायला मनाई नाही, पाठवणाऱ्याने सांभाळावं. म्हणजे तुमच्या कबुलीवर दोन्ही बाजूंनी मतं मिळतील, हवं ते निवडा.

माग काढण्यावरून एकजण खरोखर अडचणीत आला, तो २०१९ मध्ये. अमेरिकी नौदलाच्या एका जवानावर खटला चालू होता. सरकारी वकिलाने बचावाच्या वकिलांना आणि एका पत्रकाराला मेल पाठवले, त्यात सहीखाली गरुड आणि न्यायाचा तराजू असं चित्र. त्या चित्रातच माग काढायची सोय होती. बचावपक्षाला संशय आला, न्यायाधीशांनी त्या सरकारी वकिलालाच खटल्यातून बाजूला केलं. तराजूतच हेर!

तिसरे_अपील (इंदूर)

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. यात एवढं काय आहे? आपण नोटीस रजिस्टर्ड एडीने पाठवायचो, ती कशासाठी? समोरच्याला मिळाल्याचा पुरावा हवा म्हणून. गुलाबी कार्ड परत आलं की फाइलला टाचून ठेवायचो. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिकांचे स्क्रीनशॉट कोर्टात लागतात. ही लिंक म्हणजे नवीन पोचपावती. वकिलाने काळाबरोबर चालावं.

(अवांतर: रजिस्टर्ड पोस्टही सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. गुलाबी कार्डाला माझा नमस्कार.)

पेशीवाला (इंदूर)

@ग्वाल्हेरची_वकीलीण, दटावणं मान्य. तपशील बदलून लिहिलंय. भागीदारी भागीदारी नाही आणि सातवं पान सातवं नाही.

@तिसरे_अपील, पोचपावतीवर मी सही करतो. पोस्टमन माझ्या दारात उभा असतो, मला माहीत असतं की हे परत जाणार आहे. नको असेल तर 'घेण्यास नकार' लिहून परत पाठवतो, त्याचाही कायद्यात अर्थ आहे. पण पोस्टमन माझ्या खिडकीशी बसून मी पत्राच्या कोणत्या ओळीवर थांबलो हे पाठवणाऱ्याला सांगत नाही. निळ्या टिका बंद करता येतात, आणि त्या आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या लिंकवर एक ओळ असती, 'तुमचं वाचन नोंदवलं जात आहे', तर मी हा धागा काढलाच नसता. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या संगणकावर सगळं एकदम छापून घेतलं असतं.

तिसरे_अपील (इंदूर)

ओळ लिहायला हवी होती, एवढं मान्य. बाकी नाही.

मास्तरीणबाई (देवास)

माझा अनुभव वकिली नाही, झेरॉक्सच्या दुकानातला आहे. मुलीच्या प्रवेशासाठी आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला छापायला गेले. दुकानदार म्हणाला, या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. त्याच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडंच होतं. माझी फाइल शोधायला त्याने डाउनलोडचं फोल्डर उघडलं आणि मला सगळं दिसलं: शेकडो आधार कार्डं, पॅन, कुणाचा भाडेकरार, कुणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. माझ्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांचं पगारपत्रक नावासकट. मी म्हटलं, "भैया, माझं छापून झालं की पुसा हं." तो म्हणाला, "पुसतो ना मॅडम, दिवाळीला."

नेटकर_विजयनगर (इंदूर)

दिवाळीला!! घराबरोबर डिस्कचीही साफसफाई.

ताई, आधारची झाकलेली प्रत मिळते, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येते, जिथे चालेल तिथे तीच द्या. यातही एक गंमत आहे. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या बंगळुरू कार्यालयाने सूचना काढली की आधारच्या झेरॉक्स कुणालाही देऊ नका. गोंधळ उडाला, दोनच दिवसांत सरकारने ती मागे घेतली आणि म्हटलं, नेहमीचं तारतम्य वापरा.

छापखाना_मालक (इंदूर)

आणि मोठ्या डिजिटल कॉपियरच्या पोटात हार्ड डिस्क असते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. कॉपी काढली की चित्र आधी तिथे उतरतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीने जुन्या बाजारातून वापरलेले कॉपियर विकत घेऊन डिस्क उघडल्या. एकात पोलिसांचे कागद, एकात आरोग्य विमा कंपनीच्या रुग्णांची माहिती. त्या विमा कंपनीला २०१३ मध्ये बारा लाख डॉलरच्या वर दंड भरावा लागला. आपल्याकडे जुनं मशीन विकताना डिस्क पुसायला सांगणारं गिऱ्हाईक मला आजवर एकच भेटलं. बँकेतले होते.

अभिलेखपाल (ग्वाल्हेर)

अवांतर होतंय, पण राहवत नाही. कागदात खूण लपवायची कला काही आजची नाही. जुन्या संस्थानी काळातले दस्त उजेडासमोर धरले की आत जलचिन्ह दिसतं. होळकर स्टेटच्या कोर्ट फीच्या कागदांवर महाराजांची छबी असायची. फरक एवढाच की ती खूण कागद खरा आहे एवढंच सांगायची. धरणारा कोण, ते नाही सांगायची.

पेशीवाला (इंदूर)

काका, हे वाक्य मी युक्तिवादात वापरणार आहे. फी मागू नका.

कोर्टातला_टायपिस्ट (इंदूर)

वाचतोय बऱ्याच वेळापासून. वकीलसाहेब फाइलची माहिती बघतात म्हणाले, तर त्यावर सांगतो.

मी कोर्टाबाहेर टेबल लावून बसतो. मृत्युपत्र, शपथपत्र, करारनामा, सगळं करतो. नवीन फाइल कुणी उघडत नाही हो. जुन्या फाइलची कॉपी मारायची, त्यात नाव बदलायचं, सेव्ह. त्यामुळे माझ्याकडच्या प्रत्येक मृत्युपत्राचा कर्ता 'राजू' आहे. राजू माझ्या आधी या टेबलावर बसायचा, आता त्याचं सूरतला साडीचं दुकान आहे. फाइल बनवल्याची तारीख २००९. अर्ध्या इंदूरने आपली मालमत्ता कुणाला द्यायची, ते कागदोपत्री राजूने ठरवलंय.

मागे एका भांडणात समोरच्यांनी हेच काढलं. मृत्युपत्र २०२२ चं, फाइल २००९ ची आणि 'एकूण संपादन वेळ' एकशे बारा तास! म्हणे बनावट आहे, तेरा वर्षांपासून कट चालू होता. मला साक्षीला बोलावलं. मी जजसाहेबांना सांगितलं, साहेब, मी त्या फाइलमध्ये जगतो.

जलेबीभक्त (इंदूर)

राजूला शोधा! धागा इथेच थांबवा, सगळी उत्तरं राजूकडे आहेत.

पुणेरी_चष्मा

हसून हसून पुरेवाट. पण उलटही झालंय. पाकिस्तानात परदेशी मालमत्तेच्या पनामा प्रकरणात २००६ ची तारीख असलेला कागद कॅलिब्री फाँटमध्ये निघाला, आणि तो फाँट लोकांच्या हाती आला २००७ च्या सुरुवातीला. पंतप्रधानांच्या कुटुंबाची झोप उडाली. खुणेने खोटंही पकडलं जातं.

नेटकर_विजयनगर (इंदूर)

बीटा, म्हणजे चाचणीच्या, आवृत्तीत आधीपासून होता तो फाँट, असा बचावही झाला होता. चौकशी पथकाला नाही पटला.

ग्वाल्हेरची_वकीलीण (ग्वाल्हेर)

राजूच्या गोष्टीत खरी मेख आहे. मेटाडेटा साक्षीदार आहे, पण त्याची उलटतपासणी करावी लागते. म्हणूनच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राबरोबर हॅश, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, मागतात: कोर्टात आली ती फाइल मधे कुणी बदललेली नाही, एवढं त्यातून कळतं. ती राजूने लिहिली की नाही, ते नाही कळत. प्रमाणपत्र किती गरजेचं, ते आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या दाव्यात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंच आहे.

आणि समोरच्याने माग काढून मिळवलेली माहिती कोर्टात चालेल का, म्हणाल तर मोठा आधार शोधू नका. मलकानी प्रकरणापासून, म्हणजे १९७२ पासून, आपल्याकडे पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो मुद्द्याशी निगडित आहे का, हे बघतात. २०२५ मध्ये नवरा-बायकोच्या भांडणात चोरून केलेलं रेकॉर्डिंगही सुप्रीम कोर्टाने चालवून घेतलं. सुप्रीम कोर्टाच्या पुट्टास्वामी निकालाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण तो नऊ न्यायाधीशांचा निकाल हातात घेऊन तुम्ही बाररूममधल्या टोमण्यावर रिट लावणार का?

तिसरे_अपील (इंदूर)

नवीन डेटा संरक्षण कायदा आहे ना, २०२३ चा? त्यात संमती लागते.

ग्वाल्हेरची_वकीलीण (ग्वाल्हेर)

आहे. पण त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू. शिवाय कलम १७ मध्ये कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला बऱ्याच बंधनांतून सूट आहे. समोरचे वकील पहिल्यांदा तेच दाखवतील. रकमेच्या कलमावर कोण किती वेळ थांबलं, हे हक्क बजावायला खरंच 'लागतं' का, यावर मात्र मी आनंदाने भांडेन. फी घेऊन.

मास्तरीणबाई (देवास)

पण मग साध्या माणसाने करायचं काय?

नेटकर_विजयनगर (इंदूर)

ताई, मेलमधली चित्रं आपोआप दिसू नयेत अशी सेटिंग असते, ती लावा. दुसऱ्याला वर्डची फाइल द्यायच्या आधी त्यातल्या 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'मधून नाव, शेरे, खोडलेलं सगळं काढा. पीडीएफमध्ये नुसती काळी पट्टी ओढून मजकूर झाकू नका. २०१९ मध्ये ट्रम्प यांचे प्रचारप्रमुख राहिलेल्या मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी असंच कोर्टात दिलं, पत्रकारांनी पट्टीखालचं कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं. बाकी लिंक उघडायच्या आधी फाइलच मागा.

पेशीवाला (इंदूर)

काल पेशी होती, म्हणून परत आलो. (पेशी खरी, तपशील पुन्हा खोटे.)

मी ठरवलं: मी अशी लिंक पाठवणार नाही, आणि माझ्या वर्ड फायलींची सफाई आता मुंशीजींकडे नाही, स्वतः करतो. समोरच्यांच्या फाइलची माहिती बघायचंही सोडणार आहे. हे किती दिवस टिकेल, ते नाही सांगत.

पण मूळ गोष्टीत एक राहिलंच. त्या रात्री मी सातवं पान उघडलं, आणि स्वयंपाकघरातून वास आला. दूध उतू गेलं होतं. मोबाइल ओट्यावर ठेवला आणि गॅस, ओटा, फरशी सगळं पुसत बसलो. पडदा विझू नये अशी सेटिंग मुलाने करून ठेवली आहे, कॅरम खेळायला. चौदा मिनिटांतली निदान बारा दुधाची. रक्कम आम्हाला पहिल्या फटक्यात मान्य होती. पुण्याच्या मुलाने दोनदा उघडलं, कारण पहिल्यांदा नेट गेलं.

काल समोरच्या वकिलांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, "सातव्या पानावर तुमचं अडलंय ते कळतंय मला. पक्षकाराशी बोललो. दोन लाख खाली येतो, पण आता संपवा." संपवलं. सह्या झाल्या.

नेटकर_विजयनगर (इंदूर)

यंत्र पडदा मोजतं, म्हटलं होतं की नाही!

जलेबीभक्त (इंदूर)

दोन लाखांचं दूध! सराफ्याच्या खाऊगल्लीत रबडी तुमच्याकडून.

ग्वाल्हेरची_वकीलीण (ग्वाल्हेर)

आणि दादा, तुम्ही त्यांना दुधाचं सांगितलंत?

पेशीवाला (इंदूर)

त्यांनी विचारलं नाही.